भिंत जिथे ओली दिसते, तिथे पाणी शिरलेले नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना लागला की इंदुरात कूलर बाहेर निघतात, गच्चीवर पापड-कुरडया वाळत पडतात आणि घराच्या दुरुस्तीचा विषय मात्र "दिवाळीला बघू" म्हणून पुढे ढकलला जातो. दिवाळी येते तेव्हा भिंतींनी चार महिन्यांचा पाऊस पिऊन ठेवलेला असतो. त्याच ओल्या भिंतीवर पुट्टी चढते, वर महागडा रंग लागतो आणि होळीपर्यंत पोपडे सुटतात. मग दोष रंगाला नाहीतर मिस्त्रीला. पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच. दुरुस्तीची खरी वेळ आत्ता आहे, आणि तिचा निम्मा भाग घरातल्या माणसालाच करता येतो, म्हणून हे पत्र. पावसाच्या आधी छापावे ही विनंती.

ज्याला इथले मिस्त्री 'सीलन' म्हणतात त्या ओलीवर दुकानात एकच औषध मिळते: आतून लावायचा वॉटरप्रूफ थर. हे जवळजवळ नेहमीच चुकते. पाणी एकीकडून शिरते आणि विटांच्या, सांध्यांच्या वाटेने भलतीकडे निघते. आतून तोंड बंद केले की ते शेजारच्या जागेतून बाहेर पडते किंवा आणखी फूटभर वर चढते. आधी पाणी येते कुठून ते शोधले पाहिजे, आणि त्यासाठी मे महिन्यासारखी संधी नाही. बाहेर 42 अंश, हवा कोरडी, सात-आठ महिन्यांत जोराचा पाऊस नाही. अशा दिवसांतही एखादी भिंत हाताला गार आणि दमट लागत असेल, तर तिथे पावसाचा काही संबंध नाही. पाणी नळाच्या पाइपातून, मोरीतून, हौदातून किंवा जमिनीतूनच येते आहे. उलट जो डाग आत्ता खडखडीत वाळला आहे आणि जुलैत पुन्हा उमटतो, त्याचे मूळ गच्चीत, छज्ज्यात किंवा बाहेरच्या भेगेत आहे. म्हणून आजच पेन्सिलीने प्रत्येक डागाची कड आखून शेजारी तारीख लिहावी. ऑगस्टमध्ये ती रेघ फार काही सांगते.

डागाची जागाही बोलते. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सगळी भिंत, वर वाकडीतिकडी पांढरी मिठासारखी रेघ, म्हणजे जोत्यातून चढणारी ओल. मध्येच ढगासारखा एकच डाग, बारा महिने तसाच, म्हणजे बहुतेक पाइप. खिडकीच्या खाली दोन्ही कोपऱ्यांतून उतरणारे ओघळ असतील तर आधी खिडकीतला कूलर पाहावा. टाकीतून झिरपणारे पाणी चौकटीवरून भिंतीत जाते आणि लोक पावसाला दोष देतात. एसीच्या निचऱ्याची नळी भिंतीलगत मोकळी सोडली असेल तर तोच प्रकार.

शंका राहिलीच तर फूटभर लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर पक्का बसवून दोन दिवस ठेवावा. थेंब भिंतीकडच्या बाजूला जमले तर ओल भिंतीच्या पोटात आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर ती खोलीतल्या हवेची ओल आहे, तिथे खिडकी उघडी ठेवणे हाच उपाय. खर्च शून्य.

पाइपावर संशय असेल तर फोडाफोडीच्या आधी टाकीची परीक्षा घ्यावी. रात्री सगळे नळ बंद करून, मोटार बंद ठेवून, गच्चीवरच्या टाकीत एक सरळ काठी उभी धरून पाण्याची पातळी खुणावी. सकाळी कोणी नळ उघडण्याआधी पुन्हा बघावी. 110 सेंटिमीटर व्यासाच्या गोल टाकीत पातळी 1 सेंटिमीटर उतरली म्हणजे साडेनऊ लिटर पाणी गेले. दुसऱ्या रात्री टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करून तेच करावे. तरीही पातळी उतरली तर टाकी किंवा तिचा सांधा गळतो. नाही उतरली तर गळती खालच्या पाइपांत आहे. मग एकेका मजल्याचा, एकेका बाथरूमचा व्हॉल्व्ह बंद करत गेले की तीन-चार रात्रींत जागा सापडते. बहुतेक घरांत वेगवेगळे व्हॉल्व्ह नसतात, ही खरी अडचण. नळकाम निघालेच तर प्रत्येक बाथरूमसाठी वेगळा व्हॉल्व्ह लावून घ्यावा, यात काटकसर करू नये. 1978पासून नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर पंपांनी चढवून आणलेले नर्मदेचे पाणी रात्रभर भिंतीत मुरू देणे हा नुसता रंगाचा प्रश्न नाही.

पाइप फोडण्याआधी फ्लशची टाकीही तपासावी. तिच्यात खाण्याचा रंग अर्धा चमचा टाकून अर्धा तास फ्लश करू नये. भांड्यात रंग उतरला तर तळाची रबरी झडप गेली आहे. नवी झडप स्वस्त असते आणि हाताने बसते. गच्चीवरच्या टाकीच्या बॉल कॉककडे तर कोणाचेच लक्ष नसते. फुगा हलवून पाहावा. आत पाणी खळखळले तर तो फुटला आहे, बदलावा. पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपाच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली थांबले पाहिजे. थांबत नसेल तर पितळी दांडी जराशी खाली वाकवावी. ओव्हरफ्लोचे पाणी कठड्यावरून बाहेरच्या भिंतीवर पडते, तिथे हिरवे शेवाळ दिसतेच. अशा घरात आतून कितीही रंग दिले तरी फुकट.

आता टपकणारा नळ. दोन-तीन फेरे फिरवून उघडणारा जुना पितळी नळ असेल तर आधी व्हॉल्व्ह बंद करून नळ उघडा टाकावा, पाणी संपू द्यावे. खालच्या जाळीवर फडके ठेवावे, नाहीतर स्क्रू मोरीत जातो. मुठीचा स्क्रू काढून वरचा षट्कोनी भाग सरकत्या पान्याने सोडवावा. चकाकी जाऊ नये म्हणून पान्याच्या तोंडात कापड धरावे. दांड्याच्या टोकाला पितळी टोपीत रबरी वायसर असतो, तो सोबत घेऊन दुकानात जावे. सियागंजात एकेक वायसर सुटा मिळतो. पण नवा बसवण्याआधी करंगळी नळाच्या आत घालून ज्या कडेवर वायसर टेकतो ती कड चाचपावी. नखाला खाच लागली तर नवा वायसरही महिन्या-दोन महिन्यांत कापला जाणार. तिथे नळ बदललेला बरा. ही खाच बहुधा आपणच पाडलेली असते. नळ टपकू लागला की तो आणखी घट्ट पिळायचा, हीच सवय कड खराब करते.

पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळात वायसर नसतो, चिनी मातीच्या दोन चकत्या असतात. त्यांच्यात बोरिंगच्या जड पाण्याचा क्षार अडकतो. काडतुसासारखा तो भाग काढून अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवावा आणि मऊ ब्रशने साफ करावा. चकतीचा टवका उडाला असेल तर भाग बदलावा. कंपनीगणिक त्याचे दाते वेगळे असतात, म्हणून इथेही जुना नमुना सोबत हवा.

नळ भिंतीतून काढून परत बसवताना टेफ्लॉन टेपची गफलत होते. आट्यांवरची जुनी टेप, माती ब्रशने साफ करावी. आट्याचे तोंड स्वतःकडे धरून टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून, दहा-बारा वेढे गुंडाळावी. उलटी गुंडाळली तर बसवताना ती सुटत जाते. अगदी टोकाचा आटा मोकळा ठेवावा, नाहीतर टेपचे धागे नळात जाऊन अडकतात. नळ सरळ रेषेत आणायला किंचित जरी उलटा फिरवला तरी टेपची पकड सुटते. मग काढून पुन्हा नव्याने. आणि प्लास्टिकच्या फिटिंगवर सूत-सफेदा, म्हणजे आट्यांवरचा धागा आणि पांढरा लेप, वापरू नये. सूत फुगले की फिटिंग चिरते आणि भिंतीतला एल्बो (काटकोनी जोड) टाइलच्या मागे गुपचूप गळत राहतो. नळासाठी पितळी आट्यांचाच एल्बो घ्यावा.

बाथरूमच्या ओलीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे नुकसान आपल्याच हाताने होते. बोरिंगचे पाणी टाइलवर पांढरा थर सोडते. तो काढायला घरोघरी तेजाबाची बाटली असते. तेजाब तो थर विरघळवते खरे, पण टाइलांच्या फटींत भरलेले पांढरे सिमेंटही त्याच रसायनाने विरघळते. दर पंधरा दिवसांनी हा प्रयोग केला की वर्ष-दोन वर्षांत फटी रिकाम्या होतात. टाइल चकचकीत, आणि खालच्या खोलीच्या छताला काळा डाग. शिवाय तेजाब आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. हे दोन्ही कधीच एकत्र वापरू नये, एकापाठोपाठ एकही नाही. शॉवरची जाळी आणि नळाचे तोंड सुटे करून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात, लिटरला दोन चमचे, तासभर ठेवले तर क्षार निघतो. टाइलवर तेच पाणी फडक्याने लावून पाच-दहा मिनिटांत धुऊन टाकावे.

मोरी गळते की नाही हे ठरवायला ती एक दिवस वापरू नये. नाहणीच्या जाळीवर प्लास्टिकच्या पिशवीत चिंध्या भरून घट्ट बसवाव्या आणि उंबऱ्याच्या खाली राहील इतके, दोन-तीन सेंटिमीटर पाणी साठवून खूण करावी. शेजारी एका परातीत पाणी ठेवून तिच्यावरही खूण करावी. 24 तासांनी परातीतले जितके उतरेल तितके हवेत उडाले. मोरीतले त्याहून जास्त उतरले तर तळ गळतो. पाणी टिकले आणि तरी खाली ओल असेल तर नाहणीच्या ट्रॅपचा खालचा सांधा किंवा संडासाचा पाइप तपासून घ्यावा. ते काम मात्र प्लंबरचे.

गळती फटींची असेल तर घरी करता येते. हेक्सॉच्या तुटलेल्या पात्याने किंवा फटी कोरायच्या हत्याराने जुने सिमेंट निदान 3 मिलिमीटर खोल काढावे. वरवर खरवडून भरलेले टिकत नाही. ब्रशने धूळ काढून तीन-चार दिवस बाथरूम कोरडे ठेवावे. दुसरे बाथरूम नसलेल्या घरात हेच सर्वांत कठीण, म्हणून मुले आजोळी गेली की हे काम काढावे. मग दोन भागांचे इपॉक्सी ग्राउट भरावे. कालवल्यावर ते साधारण अर्ध्या तासात आवळू लागते, म्हणून एका वेळी वाटीभरच कालवावे. रबरी पट्टीने तिरके दाबत भरावे आणि टाइलवरचे ओल्या स्पंजाने लगेच पुसावे. वाळल्यावर ते निघत नाही. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात ग्राउट नको, तिथे हालचाल होते. तिथे सिलिकॉन भरावे. किमान 24 तास पाणी नको.

रामबाग, नारायणबाग, राजवाड्यामागच्या गल्ल्या, इथल्या जुन्या विटा-चुन्याच्या घरांचे दुखणे वेगळे. त्यांच्या जोत्यात ओल अडवणारा थर नाही. तरीही ही घरे पूर्वी इतकी ओली नव्हती, कारण चुन्याच्या गिलाव्यातून आणि चुन्याच्या रंगातून ओल बाहेर उडून जायची. आता खाली सिमेंटचा गिलावा, वर पुट्टी, त्यावर प्लास्टिक रंग आणि बाहेर भिंतीला टेकलेला काँक्रीटचा रस्ता. ओलीला बाहेर पडायला जागाच नाही, म्हणून ती वर चढते. सिमेंटचा गिलावा चार फुटांपर्यंत केला की लोणा, म्हणजे तो पांढरा क्षार, पाचव्या फुटावर दिसतो, हे कोणत्याही जुन्या गल्लीत पाहायला मिळेल.

अशा भिंतीला आधी बाहेरून हात लावावा. भिंतीला लागून माती, कुंड्या, विटांचा ढीग असेल तर काढावा. बाहेरची जमीन घरातल्या फरशीपेक्षा निदान 15 सेंटिमीटर खाली आणि भिंतीपासून दूर उतरती हवी, दर मीटरला तीनेक सेंटिमीटर उतार. रस्ताच उंच झाला असेल तर निदान भिंतीलगत अरुंद गटार काढून पाणी पुढे न्यावे. मग आतला गिलावा पांढऱ्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत काढावा, विटांचे सांधे सेंटिमीटरभर कोरावे. लोणा कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत गोळा करून बाहेर फेकावा. तो धुऊ नये. पाण्यात क्षार विरघळून पुन्हा विटेत जातो आणि वाळल्यावर परत वर येतो. आठवड्याने पुन्हा झाडावे, असे तीन-चार वेळा, आणि भिंत उन्हाळाभर उघडी ठेवावी. दिसायला वाईट दिसते, पाहुणे विचारतात, तरी ठेवावी. त्यानंतर मुरवलेला चुना 1 भाग आणि धुतलेली रेती 3 भाग असा गिलावा, भिंतीवर पाण्याचा हलका फवारा मारून, सेंटिमीटरभर जाड द्यावा आणि तो घट्ट झाल्यावर दुसरा पातळ हात फिरवावा. चार-पाच दिवस दमट ठेवावे. चुन्याने कातडी आणि डोळे भाजतात. हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करावे. वर चुन्याचाच रंग. पुट्टी अजिबात नको.

भेगांबद्दल एक गोष्ट माळव्यात विशेष लक्षात ठेवायची. "मालव माटी गहन गंभीर" म्हणतात ती हीच काळी माती. भिजली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यावर उभे घर वर्षातून एकदा हलते. भेग मे महिन्यात रुंद आणि ऑगस्टमध्ये मिटलेली दिसत असेल तर ती मातीची आहे. तिच्यात मे महिन्यात कडक सिमेंट ठासले तर पावसाळ्यात भेग मिटायला बघते आणि मधले सिमेंट दोन्ही कडा फोडते. अशी भेग छिन्नीने इंग्रजी व्हीसारखी 6-7 मिलिमीटर रुंद करून, धूळ काढून, लवचिक राहणाऱ्या अॅक्रिलिक भरावाने भरावी. आणि फक्त एका कोपऱ्यात भेग पडली असेल तर त्या कोपऱ्याजवळचा हौद, गटार, नळाचा पाइप तपासावा. एकाच जागी माती भिजत राहिली की तेवढाच पाया उचलला जातो. मोरीतली गळती आणि हॉलमधली भेग ही कितीदा एकाच दुखण्याची दोन टोके असतात.

एटीएम कार्डाची कड जेमतेम जाईल ती भेग पाऊण मिलिमीटरची, तिला घाबरू नये. भेग 5 मिलिमीटरहून रुंद असेल, पायऱ्यांसारखी तिरकी चढत असेल, दार चौकटीत अडकू लागले असेल, किंवा खांब-तुळईतून गंजाच्या रेषा दिसत असतील तर स्वतः काही भरू नये. आधी इंजिनिअरला दाखवावे. वरून भरले की त्यालाही काही दिसत नाही.

गच्चीचे काम पहिल्या पावसाच्या निदान दोन आठवडे आधी संपले पाहिजे. नव्वद टक्के लक्ष कठडा आणि गच्ची मिळतात त्या कोपऱ्याकडे आणि पाणी उतरण्याच्या पाइपाच्या तोंडाकडे द्यावे. मधला सपाट भाग क्वचितच गळतो. कोपऱ्यात जुना गोला (सिमेंटची गोलाकार भर) पोकळ वाजत असेल तर फोडून 1 भाग सिमेंट, 3 भाग रेती असा नवा करावा. 50 किलोच्या पोत्याला 200 मिली वॉटरप्रूफिंगचे द्रव पडते, म्हणजे 5 किलो सिमेंटला 20 मिली. जास्त घालून जास्त फायदा होत नाही. आठवडाभर पाणी मारावे. वर लेप द्यायचा तर सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. दुपारच्या तापलेल्या गच्चीवर सिमेंटच्या लेपातले पाणी आवळण्याआधीच उडते आणि महिनाभरात हाताला भुकटी लागते. सिमेंटचा लेप ओलसर पृष्ठभागावर लावतात, अॅक्रिलिकचा पूर्ण कोरड्यावर. डब्यावरची ही एक ओळ न वाचल्याने अर्धे लेप वाया जातात. दोन हात, एक उभा, एक आडवा. आणि जुन्या लाकडी तुळयांच्या गच्चीवर पाणी साठवून परीक्षा मुळीच घेऊ नये. 5 सेंटिमीटर पाण्याचे वजन चौरस मीटरला 50 किलो होते.

ओल्या भिंतीवर स्विचबोर्ड असेल तर वरचे सगळे बाजूला ठेवावे, मेन बंद करावा आणि वायरमनला बोलवावे. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढून ठेवावा. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच, असेल तर महिन्यातून एकदा त्याचे परीक्षेचे बटण दाबावे. वीज लगेच गेली नाही तर तो कामाचा नाही.

दिवाळीत रंग द्यायचाच असेल तर नव्या सिमेंटच्या गिलाव्याला मध्ये 28 दिवस द्यावेत, चुन्याला त्याहून जास्त. आणि रंगारी येण्याच्या दोन दिवस आधी प्लास्टिकचा तोच तुकडा पुन्हा भिंतीवर चिकटवावा. आतून थेंब दिसले तर तेवढी एक भिंत यंदा सोडून बाकीची रंगवावी.

कळावे,
आपला नियमित वाचक,
रामबाग, इंदूर